येशूने स्वतःला देव म्हटले होते का, आणि शुभवर्तमानांवर याबाबत कितपत विसंबावे?

पाठभेद (धागाकर्ता):

मागे एका वेगळ्याच विषयाच्या धाग्यावर कोणीतरी लिहिले की शुभवर्तमाने (मार्क, मत्तय, लूक आणि योहान या नावांची येशूची चार चरित्रे) पुष्कळ नंतर रचली गेली, म्हणून येशूच्या देवत्वाचे दावेही नंतरचेच असणार. त्यावर लगेच प्रत्युत्तर आले की त्यातला शब्दन् शब्द प्रत्यक्षदर्शींचा आहे. पुढचे सगळे प्रतिसाद एकमेकांची उणीदुणी काढण्यात गेले आणि मूळ प्रश्न तिथेच पडून राहिला, म्हणून हा स्वतंत्र धागा. मी ख्रिस्ती नाही. ग्रीक भाषा हौसेने, घरच्या घरी आणि बरीच अडखळत शिकलो आहे, तेव्हा चुका दाखवल्यास रागावणार नाही.

माझ्या मते या वादात "विश्वासार्ह" हा शब्दच घोटाळा करतो. नकलाकारांनी मूळ लेखकाचे शब्द जपले का, हा एक प्रश्न आहे. लेखकाने आपल्या काळच्या भाविकांची श्रद्धा जशी होती तशी नोंदवली का, हा दुसरा. आणि गालीलाच्या किनाऱ्यावर किंवा यरुशलेमेच्या मंदिरात येशू खरोखर ते वाक्य बोलला का, हा अगदीच तिसरा. आपण बहुतेक वेळा पहिल्याचे उत्तर हाती घेतो आणि तिसऱ्याचे सापडल्यासारखे मिरवतो. "हजारो हस्तलिखिते जुळतात, म्हणजे येशू असे बोललाच" हे जितके फसवे, तितकेच "हस्तलिखितांत पाठभेद आहेत, म्हणजे येशू असे बोललाच नाही" हेही फसवे आहे.

आता काळाचा हिशेब. येशूला क्रुसावर दिले ते साधारण इ.स. ३० मध्ये. येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याची निर्विवाद मानली जाणारी पत्रे ५० ते ६० या दशकातली. मार्क बहुतेक अभ्यासक ७० च्या आसपास ठेवतात, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, आणि योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस. या क्रमाने वाचत गेले की एक गोष्ट नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. मार्कमध्ये एक माणूस धावत येऊन "उत्तम गुरुजी" अशी हाक मारतो, तेव्हा येशू त्यालाच अडवतो: मला उत्तम का म्हणतोस, एक देव सोडला तर कोणी उत्तम नाही (१०:१८). मत्तयात हाच प्रसंग येतो, पण तिथे प्रश्न "मला उत्तमाविषयी का विचारतोस" असा होतो (१९:१७). मार्कची ओळ मत्तयाला बोचली असावी, असे मानायला जागा आहे. आणि योहानात तोच येशू "मी आणि पिता एक आहोत" (१०:३०) असे लोकांसमोर उघड म्हणतो, "अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे" (८:५८) असेही म्हणतो. ही वाक्ये येशूने भर मंदिरात उच्चारली असतील, तर मार्क, मत्तय आणि लूक या तिघांनाही ती गाळावीशी का वाटली? गुरूच्या तोंडचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य तीन शिष्यपरंपरा एकाच वेळी विसरतात, हे मला पटत नाही.

म्हणून माझे मत असे की योहानातील भाषणे ही योहानाच्या मंडळीची श्रद्धा येशूच्या तोंडी घातलेली आहे, आणि मार्कमध्ये देवत्वाच्या दाव्याचा मागमूस नाही. कोणी खोडून काढत असेल तर ऐकायला आवडेल.

शंकासुर:

धागा आवडला, पण आपण फारच सौम्य लिहिले आहे. येशूचे देवत्व इ.स. ३२५ मध्ये निकेया येथील परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनच्या देखरेखीखाली बहुमताने ठरले, आणि कोणती पुस्तके ठेवायची, कोणती जाळायची हेही तिथेच ठरले, अशी माझी समजूत आहे. त्यानंतर नकलाकारांनी मजकूर त्या निर्णयाला साजेसा करून घेतला असणार. ज्यांच्या हाती प्रती, त्यांच्या हाती इतिहास. अशा परिस्थितीत तीनशे वर्षांपूर्वीचा दावा त्या मजकुरात शोधणे म्हणजे रंग दिलेल्या भिंतीवर मूळ गिलावा शोधण्यासारखे आहे.

पाठभेद:

शंकासुर, गिलाव्याचा दृष्टांत चांगला आहे, पण भिंत चुकली. निकेयात कोणती पुस्तके ठेवायची याचा निर्णय झालेला नाही. आजच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या इ.स. ३६७ च्या ईस्टर-पत्रात. परिषदेत भांडण "येशू देव की माणूस" असे नव्हतेच. ज्याच्या मतावरून वाद पेटला तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियसही पुत्राला, म्हणजे येशूला, जगाच्या आधीचा, दैवी आणि भजनीय मानत होता. त्याचे म्हणणे एवढेच की पुत्र निर्माण केलेला आहे, आणि "तो नव्हता असा एक काळ होता". परिषदेने पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे असल्याचा शब्द स्वीकारला. त्यावर सही करायला एरियसच्या बाजूच्या दोनच बिशपांनी शेवटपर्यंत नकार दिला. सम्राटाचे दडपण होते हे कबूल, पण शून्यातून देव निर्माण झाला असे तिथे घडलेले नाही.

निकेयापूर्वीचे पुरावे तर ख्रिस्ती ग्रंथांच्या बाहेरही सापडतात. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला लिहितो की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला उद्देशून, जणू देवालाच, आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. रोममध्ये पॅलाटिन टेकडीवर भिंतीवर खरवडलेले एक चित्र आहे, साधारण इ.स. २०० च्या सुमाराचे. क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात उचललेला एक जण, आणि खाली वेडेवाकडे ग्रीक: "अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो." टवाळी करणाऱ्याने काढलेले चित्र आहे, म्हणून तर ते मोलाचे, ख्रिस्ती मंडळींच्या सोयीसाठी तो कशाला खोटे बोलेल? इस्रायलमध्ये मेगिद्दो येथे तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये खोदकाम करताना एका प्रार्थनास्थळाची रंगीत खड्यांची फरशी मिळाली. ती तिसऱ्या शतकातली, म्हणजे निकेयाच्या बरीच आधीची मानली जाते. अकेप्तूस नावाच्या बाईने "देव येशू ख्रिस्त याला" स्मरणार्थ मेज अर्पण केल्याचा लेख त्या फरशीत आहे.

नकलाकारांनी मजकुरात हात घातला, हे मात्र खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एकच उदाहरण जवळून पाहू, कारण त्यात सगळा मामला दिसतो. तीमथ्याला पहिले पत्र, ३:१६. बहुतेक जुन्या प्रतींत "जो देहाने प्रकट झाला" आहे, उत्तरकालीन प्रतींत "देव देहाने प्रकट झाला". मोठ्या ग्रीक लिपीत "जो" हा शब्द दोन अक्षरांचा, ओमिक्रॉन आणि सिग्मा. "देव" हा शब्द पवित्र नाव म्हणून आखूड करून लिहीत, तोही दोनच अक्षरांचा, थीटा आणि सिग्मा, वर एक आडवी रेघ. म्हणजे गोल अक्षराच्या पोटात एक बारीक रेघ आणि डोक्यावर एक रेघ, एवढ्यावर "जो" चा "देव" होतो. लंडनमधल्या अलेक्झांड्रियन प्रतीत (बायबलच्या एका जुन्या ग्रीक हस्तलिखितात) या अक्षरात रेघ आहे की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालले. अठराव्या शतकाच्या आरंभी वेटश्टाइन या तरुण स्विस अभ्यासकाने ती प्रत डोळ्यांखालून घातली. त्याचा निष्कर्ष असा की अक्षराच्या पोटात दिसणारी रेघ ही त्या अक्षराची नाहीच. चामड्याच्या पानाच्या मागच्या बाजूला असलेल्या एप्सिलॉन अक्षराची मधली रेघ पारदर्शक होऊन पुढे उमटली आहे. हा गृहस्थ पुढे पाखंडाच्या संशयावरून बासेलमधल्या आपल्या पदाला मुकला. याच ओळीबद्दल आणि योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्यवाचक, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच असे सांगणाऱ्या, ओळीबद्दल (५:७) आयझॅक न्यूटनने १६९० मध्ये जॉन लॉकला लांबलचक पत्र लिहिले होते. ते छापले गेले १७५४ मध्ये, न्यूटनच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. गुरुत्वाकर्षण उघड मांडणारा माणूस हे मांडायला कचरला, यावरून त्या काळचे वातावरण कळते.

पण शंकासुर, यातून आपला निष्कर्ष निघत नाही. ही बनावट आपल्याला कळली ती कशामुळे? जुन्या प्रती वेगळ्या आहेत म्हणून. सर्व प्रतींवर एका दरबाराची सत्ता असती तर पाठभेद उरलेच नसते. लूक २:३३ मध्ये "त्याचा पिता आणि माता" असे होते, तिथे कोणीतरी "योसेफ आणि माता" केले. मत्तय २४:३६ मध्ये "पुत्रालाही ती घटका ठाऊक नाही" हे शब्द कित्येक प्रतींत गळले. पण मार्कमध्ये (१३:३२) तेच शब्द जवळजवळ सगळीकडे तसेच राहिले. हात घालणारे होते, पण त्यांचा हात सगळीकडे पोहोचला नाही.

सागरवाट:

मी वसईची, कॅथलिक घरातली, लहानपणापासून मिस्सा ऐकत आलेली. त्यामुळे माझा कल कुठे असेल हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. धागाकर्त्यांनी लिहिले ते बरेच मान्य आहे, पण "मार्कमध्ये देवत्वाच्या दाव्याचा मागमूस नाही" हे वाक्य मला अजिबात मान्य नाही, आणि श्रद्धेपोटी नव्हे तर मार्क वाचल्यामुळे मान्य नाही.

मार्कची सुरुवातच पाहा. जुन्या करारातील (म्हणजे यहुदी धर्मग्रंथातील) यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायातली "परमेश्वराचा मार्ग तयार करा" ही ओळ तो उद्धृत करतो. मूळ हिब्रूत तिथे देवाचे चार अक्षरी नाव आहे, आणि मार्क तो मार्ग ज्याच्यासाठी तयार करवतो तो येशू आहे. दुसऱ्या अध्यायात छप्पर उकरून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाखेरीज कोण पापांची क्षमा करू शकतो? मार्क त्यांचा गैरसमज दूर करत नाही. उलट मनुष्याच्या पुत्राला (येशू स्वतःला असेच म्हणवतो) तो अधिकार आहे हे कळावे म्हणून येशू त्या माणसाला बाज उचलून चालायला सांगतो. सहाव्या अध्यायात तो पाण्यावरून चालत येतो आणि घाबरलेल्या शिष्यांना म्हणतो, धीर धरा, मी आहे. आणि शेवटी महायाजकासमोर, "धन्यवादिताचा (म्हणजे देवाचा) पुत्र ख्रिस्त तो तूच काय?" या प्रश्नाला "मी आहे, आणि तुम्ही मनुष्याच्या पुत्राला सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेले व आकाशातील मेघांसह येताना पाहाल" असे उत्तर देतो. यातले मेघांसह येण्याचे शब्द जुन्या करारातील दानीएलच्या सातव्या अध्यायातील आहेत आणि महायाजक ते ऐकून वस्त्रे फाडतो. त्याने उगीच फाडली का?

योहान उघड बोलतो आणि मार्क सूचक बोलतो, हे खरे. पण सूचक बोलणे म्हणजे न बोलणे नव्हे. जुन्या करारात मुरलेल्या श्रोत्याला मार्कची सूचना थेट कळत असे. आपल्याला ती कळत नाही, कारण आपण यशया वाचून मार्ककडे येत नाही.

दुसरे म्हणजे, शुभवर्तमानांवरच एवढा भर का? त्यांच्याही आधीचा पुरावा पौल आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ओळी (२:६ ते ११) अनेक अभ्यासक पौलापूर्वीचे गीत मानतात, म्हणजे तो आधीच रूढ असलेले काही उद्धृत करत आहे. देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, मरण सोसले, म्हणून देवाने त्याला सर्व नावांहून श्रेष्ठ नाव दिले, आणि त्याच्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. शेवटची ओळ यशया ४५:२३ मधली आहे, आणि यशयात ती खुद्द देवाने स्वतःविषयी शपथ वाहून उच्चारली आहे, "मीच देव आहे, दुसरा कोणी नाही" याच्या लगेच नंतर. ज्या ओळीने यहुदी माणूस इतर सर्व देव नाकारत असे, तीच ओळ येशूला लावलेली आहे. हे घडले ते इ.स. ५० च्या दशकात लिहिलेल्या पत्रात, कदाचित त्याच्याही आधी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अखेरीला पौल ग्रीक वाचकांसाठी "मारानाथा" हा अरामी शब्द न भाषांतरता ठेवतो: आमच्या प्रभू, ये. करिंथच्या ग्रीकांना अरामी शब्द कुठून आला? ज्यांची बोलीच अरामी होती त्या पहिल्या शिष्यांच्या प्रार्थनेतून. मेलेल्या गुरूला कोणी "ये" म्हणून प्रार्थनेत हाक मारत नाही.

व्याकरणी:

दोन्ही बाजू ग्रीक शब्दांवर जरा जास्तच वजन टाकत आहेत असे वाटते, म्हणून थोडी भर घालतो.

सागरवाट यांनी "मी आहे" वर भर दिला. ग्रीकमध्ये "एगो एइमि". योहान ८:५८ मध्ये याचा संबंध लोक निर्गम ३:१४ शी जोडतात, जिथे देव मोशेला आपली ओळख सांगतो. पण तिथल्या जुन्या ग्रीक भाषांतरात "एगो एइमि हो ओन" आहे, म्हणजे "मी असणारा तो आहे", आणि ओळखीचा गाभा "हो ओन" मध्ये आहे. शिवाय योहानातच पुढच्या अध्यायात (९:९) डोळे बरे झालेला आंधळा भिकारी शेजाऱ्यांना सांगतो, "एगो एइमि", म्हणजे "तो मीच". त्याने काही देवत्वाचा दावा केलेला नाही. समुद्रावरच्या प्रसंगातही अर्थ "मीच आहे, घाबरू नका" एवढा असू शकतो. तेव्हा वजन त्या दोन शब्दांवर नको, संदर्भावर हवे. ८:५८ मध्ये खरा जोर क्रियापदांच्या भेदावर आहे: अब्राहाम "झाला", मी "आहे". भूतकाळातील घटनेपुढे वर्तमानकाळ ठेवणे हे व्याकरणाला ओढून ताणून केलेले आहे, आणि ते मुद्दाम केलेले आहे. ऐकणारे दगड उचलतात ते त्यामुळे.

योहान १:१ मध्ये मराठी वाचकाची आणखी एक अडचण होते. "शब्द देवासह होता आणि शब्द देव होता" असे आपण वाचतो (इथे "शब्द" म्हणजे येशूच). ग्रीकमध्ये पहिल्या "देवा"ला निश्चित उपपद आहे, दुसऱ्याला नाही. मराठीत उपपदच नसल्यामुळे हा फरक मराठीत दिसूच शकत नाही. उपपद नाही म्हणून "एक देव" असे भाषांतर करावे असे काही जण म्हणतात. पण ग्रीकमध्ये विधेय क्रियापदाच्या आधी आले की त्याचे उपपद बहुधा गळते, त्यामुळे तो मुद्दा निर्णायक नाही. गंमत अशी की इजिप्तच्या सहिदी कॉप्टिक भाषेत अनिश्चित उपपद आहे, आणि तिथल्या जुन्या भाषांतरात या जागी ते वापरलेले आहे. मात्र कॉप्टिकमध्ये ते उपपद गुणवाचक अर्थानेही येते, म्हणजे "देव या स्वरूपाचा". पौलाच्या "देवाच्या स्वरूपाचा असून" या ओळीशी ते जुळते. लेखकाला "शब्द म्हणजेच पिता" असे म्हणायचे नाही आणि "शब्द हा दुसरा कोणी छोटा देव" असेही नाही. ही मधली जागा त्याने व्याकरणानेच राखली आहे.

"क्युरिऑस" या शब्दाबद्दलही तेच. तो "साहेब" पासून "परमेश्वर" पर्यंत सगळीकडे चालतो. आपल्याकडे "महाराज" हा शब्द छत्रपतींना, बुवांना, स्वयंपाक्याला आणि देवाला लागतो, तसेच काहीसे. म्हणून विहिरीवरची शमरोनी बाई "क्युरिऑस" म्हणते आणि शिष्य थोमा येशूला "माझा प्रभू आणि माझा देव" म्हणतो (२०:२८), तेव्हा शब्द एक असला तरी बाईने येशूला देव मानले असे होत नाही.

शंकासुर:

निकेयाबद्दल माझी माहिती चुकीची होती, ते मी मागे घेतो. कादंबऱ्यांतून इतिहास वाचला की असे होते. पण माझी शंका संपलेली नाही, ती मागे सरकली एवढेच.

महायाजकासमोरच्या त्या रात्रीच्या चौकशीला शिष्यांपैकी कोण हजर होते? मार्क स्वतः सांगतो की सगळे त्याला सोडून पळाले (१४:५०), आणि पेत्र खाली अंगणात शेकत बसला होता. मग आत झालेले प्रश्नोत्तर कोणी ऐकले? शिवाय उत्तराचे शब्दही तीन ठिकाणी तीन प्रकारचे. मार्कमध्ये "मी आहे", मत्तयात "तू म्हणालास", लूकमध्ये "मी आहे असे तुम्ही म्हणता". मार्कच्याही काही प्रतींत "मी आहे असे तू म्हणालास" असाच पाठ आहे. ज्या एका वाक्यावर सर्वांत मोठा दावा टेकला आहे, तेच वाक्य निसटते आहे.

"देवाचा पुत्र" या शब्दांवरूनही घाई नको. स्तोत्र २:७ मध्ये इस्राएलचा राजा देवाचा पुत्र आहे, लूकच्या वंशावळीत (३:३८) आदामही आहे. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या एका अरामी चामड्याच्या तुकड्यातही कोणाला तरी "देवाचा पुत्र" म्हटले जाईल असे आहे. दुसरीकडे तिबेरियसच्या चांदीच्या दिनारावर त्याचे वर्णन "दैवी ऑगस्टसचा पुत्र" असे कोरलेले होते. "हे चित्र व लेख कोणाचा" असे विचारून येशूने जे नाणे दाखवले, ते बहुधा हेच, असे मानतात. त्या बाजारात हे शब्द रोज हाताळले जात होते. आणि रोमनांनी क्रुसावर फळी लावली ती "यहुद्यांचा राजा" अशी. रोमन सुभेदार पिलाताने दावा राजकीय मानला, दैवी नव्हे.

लीळावाचक:

माझा अभ्यास महानुभाव साहित्याचा आहे, बायबलचा नाही, पण वाचताना सारखे लीळाचरित्र आठवत होते, म्हणून थोडे अवांतर लिहितो. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर थोड्याच वर्षांत, शके १२०० च्या सुमारास म्हणजे इ.स. १२७८ च्या आसपास, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या प्रेरणेने लीळा गोळा केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन, खातरजमा करून. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा बांधले गेले. म्हणून आज वेगवेगळ्या परंपरांचे पाठ मिळतात आणि पोथीतच "वासना" म्हणून पाठांतर नोंदलेले दिसते. केसोबासांनी लीळांतून फक्त चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, शिष्यांच्या स्मरणावर रचलेला ग्रंथ म्हणजे आपोआप कपोलकल्पित नव्हे. गावाची नावे, जेवणातले पदार्थ, चालण्या-बसण्याच्या लकबी इतक्या बारकाईने येतात की त्या कोणी रचल्या असे वाटत नाही. दुसरी, म्हाइंभट चक्रधरांना परमेश्वर मानूनच लिहीत होता, पण म्हणून तो खोटे लिहीत होता असे आम्ही म्हणत नाही. फक्त तो काय निवडतो आणि काय सोडतो हे ओळखून वाचतो. शुभवर्तमानांना ही वागणूक का मिळू नये?

सागरवाट:

लीळावाचक, फार आवडले. म्हाइंभटाचे अंतर चार-पाच वर्षांचे, मार्कचे चाळीस वर्षांचे, हा फरक मात्र माझ्याच बाजूविरुद्ध जातो आणि तो मान्य करते. माझ्या बाजूचाही एक फरक आहे. आपल्या भूमीत सत्पुरुषाला अवतार म्हणणे परंपरेला धरून आहे, त्यासाठी कोणी दगड उचलत नाही. दिवसातून दोनदा "आपला देव एकच" असे म्हणणाऱ्या यहुदी माणसाने क्रुसावर मेलेल्या सुतारापुढे प्रार्थनेत गुडघा टेकणे, हे त्याच्या सगळ्या संस्काराविरुद्ध होते. पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) तीच "एकच" ची कबुली दोघांत वाटतो: एक देव, पिता, आणि एक प्रभू, येशू ख्रिस्त. अशी वाटणी उगीच होत नाही. त्यामागे काहीतरी घडलेले असते, येशूने म्हटलेले किंवा केलेले.

पश्चिमरंग:

हाच वाद आपल्या देशात दोनशे वर्षांपूर्वी, ग्रीक-हिब्रू ग्रंथ पुढ्यात ठेवून झालेला आहे, त्याची आठवण करून देतो. राममोहन राय यांनी १८२० मध्ये कोलकात्यात येशूच्या उपदेशाचा एक संग्रह छापला, त्यात चमत्कार आणि त्रैक्याशी निगडित भाग घेतले नाहीत. श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी त्यावर तुटून पडून टीका केली. राय यांनी तीन जबाब दिले, आणि बाप्टिस्ट छापखान्याने तिसरा छापण्यास नकार दिल्यावर स्वतःचा छापखाना उभा केला. त्याच सुमारास शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतरावर विल्यम ॲडम आणि येट्स यांच्यासह ते बसत, तेव्हा योहान १:३ मधील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर गाडी अडली: सर्व काही शब्दा"कडून" झाले की शब्दा"द्वारे"? "द्वारे" घेतले तर मूळ कर्ता दुसराच ठरतो. ॲडम आले होते बाप्टिस्ट मिशनरी म्हणून, १८२१ मध्ये ते एकेश्वरवादी (युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे) झाले. आपल्या मराठी बायबलात "त्याच्या द्वारे" असेच आहे, आणि आपण ते रोज सहज वाचून पुढे जातो. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले ते याच एकेश्वरवादी परंपरेच्या शिष्यवृत्तीवर.

पाठभेद:

सर्वांचे आभार. उत्तरे लिहिण्याआधी मार्क पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी शेजारी यशया उघडा ठेवून.

सागरवाट यांचा पहिल्या अध्यायाचा मुद्दा मला चुकवता आला नाही. मूळ लेखात "मार्कमध्ये देवत्वाच्या दाव्याचा मागमूस नाही" असे लिहिले होते, ते वाक्य मी मागे घेतो. त्याऐवजी "मार्कमध्ये येशूच्या तोंडी उघड दावा नाही, पण लेखक देवाविषयीची वचने येशूला लावतो" असे वाचावे. हा बदल लहान नाही, कारण यानंतर मार्क आणि योहान यांत अंतर उरते ते कोण बोलते याचे, काय मानले जाते याचे तितके नाही.

शंकासुर यांची रात्रीच्या चौकशीबद्दलची शंका मात्र मी सोडवू शकत नाही, आणि कोणी अंगणातल्या नोकराकडून किंवा सभेतल्या छुप्या अनुयायाकडून बातमी फुटली असे सांगितले तर तो तर्क आहे, पुरावा नव्हे. त्या वाक्याच्या शब्दांवर मी काही टेकवणार नाही. पण "यहुद्यांचा राजा" ही फळी आणि गुडघा टेकण्याचे गीत यांच्यात जेमतेम वीस-पंचवीस वर्षे आहेत. राजा म्हणून मारलेल्या माणसाचा इतक्या थोड्या काळात, तेही यहुदी लोकांत, प्रभू कसा झाला, याचे उत्तर "नंतर कोणीतरी रचले" एवढ्यात मिळत नाही, हे मी मान्य करतो. येशू स्वतः त्या दिशेने काही बोलला असणार असे सागरवाट म्हणतात. मला पुनरुत्थानाचा अनुभव आल्याचे शिष्यांना वाटले, तिथून ही गोष्ट सुरू झाली असे वाटते. रोमकरांस पत्राच्या आरंभी (१:४) तो मेलेल्यांतून उठल्यामुळे देवाचा पुत्र "ठरला" असे म्हटले आहे, प्रेषितांच्या कृत्यांतही (२:३६) देवाने त्याला प्रभू व ख्रिस्त "केले" असे पेत्र म्हणतो. ही क्रियापदे मला योहानापेक्षा जुनी वाटतात.

व्याकरणी, रोमकरांसच्या त्या "ठरला"साठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा मुळातला अर्थ "सीमा आखणे" असा आहे. तो "नेमला" असा घ्यावा की "जाहीर केला" असा, यावर आपण लिहावे. मराठी भाषांतरांत मला दोन्ही छटा सापडल्या आहेत.